खताच्या पोत्याशेजारचं इंजन

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं रंगाची आहेत. दसरा तोंडावर आलाय आणि खंडेनवमीच्या पूजेत गंजकं इंजन नको, असं घरातल्या सगळ्यांना नेमकं याच दिवसांत वाटायला लागतं. त्यातलं एक पत्र सविस्तर घेतलंय, बाकीची त्याच्या मागं.

प्रश्न : मामा, नमस्कार. आमच्या शेतातल्या आखाड्यावर आजोबांच्या वेळचं पाच हॉर्सपॉवरचं राजकोटी इंजन आहे. विहिरीवर वीज आली तेव्हापासून ते बंदच. बिघडलं नव्हतं, लागलंच नाही. आठ वर्षं खताच्या पोत्यांशेजारी उभं आहे. आता रात्रीच्या विजेला वैतागून ते पुन्हा चालू करायचं ठरवलंय. हातानं फिरतंय, कॉम्प्रेशनही धरतंय. बाहेरून मात्र पार गंजलंय, मूळचा हिरवा रंग पापुद्रे धरून निघतोय. गावातला पेंटर म्हणतो, डिझेलनं पुसू, वरून दोन हात ऑइल पेंट मारू, अर्ध्या दिवसाचं काम, खंडेनवमीच्या आत देतो. मारू द्यावा का?
– एक शेतकरी, वसमत तालुका

उत्तर : नको. रंग लावाच, पण असा नाही, आणि खंडेनवमीच्या आत तर मुळीच नाही.

गंजावर रंग मारला की गंज दिसायचा थांबतो, वाढायचा थांबत नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि ती जागा वरच्या रंगाला ढकलून घेतो. तुमचा हिरवा रंग पापुद्र्यानं सुटतोय तो खालून असा रेटला गेल्यामुळं. त्यावर नवा रंग चढवलात तर जुना रंग नव्याला सोबत घेऊन खाली येईल.

दुसरी गोष्ट, नुसत्या डिझेलनं पुसण्याची. हे मला पुस्तकानं शिकवलेलं नाही. लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात, त्यांतल्या एका रस्त्यावर माझं गॅरेज. नावातच गंज असलेल्या जागी मी गंज काढत बसतो, हा विनोद प्रत्येक गिऱ्हाईक एकदा तरी करतं. तर २०१६ च्या उन्हाळ्यात इथं प्यायलाच पाणी नव्हतं, एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. माणसं घागरी घेऊन रांगेत उभी असताना इंजन धुवायला पाणी मागायची मला लाज वाटली. तीन इंजनं आली होती. डिझेलनं पुसली, कोरड्या चिंध्यांनी घासली आणि वर चांगल्यातला रंग मारला. दिसायला झकास. पुढच्या पावसाळ्यात तिन्ही परत. एका गिऱ्हाइकानं बोलता बोलता नखानं रंग उचलला आणि केळीच्या सालीसारखी पट्टी ओढून माझ्या हातात दिली. पट्टीच्या खालच्या अंगाला डिझेलचा चिकटा जसाच्या तसा. तिघांचेही पैसे परत केले आणि इंजनं फुकटात पुन्हा केली. डिझेलनं ग्रीस निघतं हे खरं, पण डिझेल स्वतः मागं राहतं. ते काढायला साबण, सोडा आणि भरपूर पाणी लागतंच.

आता तुमच्या इंजनाकडं. सगळ्यात आधी ती पोती तिथून हलवा. इंजन आठ वर्षांत एवढं गंजलं यात पावसापेक्षा खताचा हात मोठा आहे. खत हवेतलं पाणी ओढून घेतं, पोती पाझरतात, आणि तो खारट ओलावा लोखंडाला लागत राहतो. पोटॅशचं पोतं असेल तर बघायलाच नको. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आपल्या जेवणातल्या मिठाचं भावंड. मिठाच्या डब्याचं लोखंडी झाकण कसं होतं ते घरात विचारा. पोती तिथंच राहणार असतील तर रंगाचा खर्च करू नका, खरंच सांगतो.

पहिला दिवस धुण्यात जाऊ द्या. धुण्याआधी सायलेन्सरचं तोंड, एअर फिल्टरचं तोंड, ब्रीदर, तेल बघायच्या काडीचं भोक, डिझेल टाकीचं झाकण, हे सगळं पॉलिथिन लावून जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधा. डिझेल पंप आणि नोझलही गुंडाळा, तिथं पाण्याचा फवारा मारायचा नाही. मग जाड ग्रीस आणि त्यात बसलेली काळी माती जुन्या पटाशीनं खरवडून काढा. राहिलेल्यावर ब्रशनं डिझेल मारा, पेट्रोल नको. आखाड्यावर कडबा असतो आणि कुणाच्या तरी तोंडात बिडी असतेच. नंतर बादलीभर कढत पाण्यात दोन मुठी धुण्याचा सोडा आणि थोडी साबणाची पावडर टाकून खसखसा घासा. वरून साधं पाणी. हे दोनदा करा.

स्वच्छ झालं का, हे डोळ्यांना विचारू नका. तांब्याभर साधं पाणी ब्लॉकवर ओता. पाणी सलग पसरून खाली गेलं तर तेल गेलं. अळूच्या पानावर होतात तसे थेंब झाले, की अजून तेल आहे, परत सोडा. मी गॅरेजात पोरांना एवढी एकच परीक्षा घेतो. बहुतेक जण पहिल्यांदा नापास होतात.

मग इंजन दिवसभर उन्हात राहू द्या. ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे आणि जुनं बीड तेल पिऊन बसलेलं असतं. ऊन लागलं की ते घामासारखं वर येतं, विशेषतः टॅपेटच्या कव्हरखाली आणि जिथं वर्षानुवर्षं गळत होतं तिथं. हा घाम थिनरच्या फडक्यानं पुसायचा, परत आला तर परत पुसायचा. गळती चालूच असेल तर आधी पॅकिंग बदला. गळणाऱ्या जागेवर कसलाच रंग धरत नाही.

दुसऱ्या दिवशी गंज. सुटलेले पापुद्रे पटाशीनं, बाकीचं वायर ब्रशनं. ड्रिलला लावायचा वाटीसारखा वायर ब्रश मिळतो, त्यानं काम पटकन होतं, मात्र चष्म्याशिवाय तो चालवायचा नाही. त्याची एक तार माझ्या पापणीत घुसली होती, डोळा वाचला. कोपऱ्यात हातच घालावा लागतो, पॉलिश पेपर ८० नंबरचा आणि मग १२० चा. जिथं जुना हिरवा रंग घट्ट आहे तिथं तो काढायची गरज नाही. त्याची कड तेवढी घासून उतरती करा, बोट फिरवलं तर पायरी लागू नये. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवण्यापेक्षा पाण्याचा पेपर बरा. वाळू मारून साफ करून देतो असं कुणी म्हणालं तर जोडलेल्या इंजनावर ते होऊ देऊ नका. एक कण आत गेला की लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ते नळकांडं, गेलंच.

खड्ड्यांत काळा गंज उरतोच. तेवढ्यापुरतं गंज बदलणारं औषध, म्हणजे फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण, रंगाच्या दुकानात मिळतं. डब्यावर लिहिल्याप्रमाणे लावा, धुवा किंवा पुसा, पूर्ण वाळू द्या. ते सुटा गंज घट्ट करत नाही, त्यामुळे वायर ब्रशचं काम त्याच्यावर ढकलू नका.

आणि आता थांबायचं नाही. उघडं लोखंड एका दमट रात्रीत पिवळं पडतं. त्याच दिवशी थिनरनं पुसा आणि प्रायमर लावा. रेड ऑक्साईड चालेल, झिंक फॉस्फेटचा मिळाला तर थोडे पैसे जास्त घालून तो घ्या. मी पहिला हात ब्रशनंच देतो, घरात कंप्रेसर असला तरी. ब्रशनं रंग खड्ड्यांत रेटला जातो, गन नुसती वरून शिवते. अर्धा लिटर प्रायमर आणि अर्धा लिटर रंग एवढ्या इंजनाला पुरून उरतो. दुकानदार दोन लिटर गळ्यात मारेल.

रेड ऑक्साईड लावून पुढचं राहिलं, असंही होतं. फाटकं, ग्रिल, ट्रॉल्या वर्षानुवर्षं त्या तांबड्या रंगात उभ्या दिसतात. तो थर सच्छिद्र असतो, पाणी आत घेतो. वरचा रंग आठवड्याच्या आत चढलाच पाहिजे.

तिसऱ्या दिवशी साधा सिंथेटिक इनॅमल, दोन पातळ हात, मध्ये एक रात्र. तुमचं इंजन पाण्यानं थंड होणारं आहे, ब्लॉक उकळत्या पाण्यापलीकडं तापत नाही, एवढी उष्णता इनॅमल सोसतो. त्यावर घाईनं वाळणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट मारायची हौस करू नका. त्याचा थिनर खालचा इनॅमल उकलतो आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. फ्लायव्हीलची पट्टा बसायची बाजू, गव्हर्नरचे सांधे, पंपाचा रॅक, रबरी नळ्या आणि नंबरची पितळी पट्टी, यांवर रंग नको. नटबोल्टवर आणि ऑइल कपांवर आधी ग्रीसचं बोट फिरवा, रंग उडाला तरी पुसून निघतो.

सायलेन्सर आणि त्याचा मॅनिफोल्ड वेगळे. तिथं इनॅमल पहिल्या तासात जळतो, खालचा रेड ऑक्साईडही जळतो. त्यासाठी ६०० अंश सोसणारा सिलिकॉनचा ॲल्युमिनियम पेंट येतो. तो उघड्या धातूवर थेट, पातळ, प्रायमरशिवाय. वाळल्यावर इंजन पंधरा मिनिटं बिनलोड चालवा, थंड होऊ द्या, मग अर्धा तास चालवा. धूर आणि वास येईल, घाबरू नका. तो रंग तापल्याशिवाय पक्का होतच नाही.

आणि खंडेनवमीचं. तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो, जमीन ओली, हवा जड. खंडेनवमीला इंजन धुऊन पुसून तेलाचा हात फिरवून पूजेत ठेवा, हळदीकुंकू गंजक्या इंजनालाही लागतं. रंगाचं काम दिवाळी ते येळवस (वेळ अमावस्या) यांच्या मधल्या कोरड्या दिवसांत काढा. त्या दिवसांतही सकाळी अकराच्या आधी नाही, कारण लोखंड रात्रीचं गार असतं आणि त्यावर न दिसणारं दव बसतं. ब्लॉकला हाताचा मागचा भाग लावा. गार लागला तर चहा घ्या. चारनंतर नवा हात सुरू करू नका. मे महिन्यात उलटा त्रास, तापलेल्या लोखंडावर रंग पसरायच्या आधीच आळतो आणि खरखरीत बसतो.

चालू केल्यावर एक करा. रोज काम झालं की ब्लॉकच्या जॅकेटमधलं पाणी कॉक उघडून सोडून द्या आणि सायलेन्सरवर पत्र्याचा डबा पालथा घाला. आतून गंजलं तर बाहेरच्या रंगाचं कौतुक कुणाला.

प्रश्न : मिस्त्री, इंजनाच्या हेडवरचा गंज जाईना म्हणून बाथरूम धुवायचं ॲसिड टाकलं. पाच मिनिटांत लोखंड चांदीसारखं निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं हळदीसारखं पिवळं, आधीपेक्षा वाईट. काय चुकलं?
– एक वाचक, केज

उत्तर : बीड जिल्ह्यातून बिडाबद्दल विचारताय, उत्तर द्यायलाच हवं.

ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. गंज खातं, मग चांगलं लोखंडही खातं, आणि जाताना क्लोराइड मागं ठेवून जातं. वरच्या पत्रातल्या पोटॅशचाच हा भाऊ. बीड हे बारीक भोकांचं असतं, ते क्लोराइड त्या भोकांत बसतं आणि दमट हवा मिळाली की रातोरात कामाला लागतं. त्यावर रंग मारलात तर महिन्याभरात फोड.

अजून हेड वाया गेलेलं नाही. भरपूर पाण्यानं धुवा. मग खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशनं सगळीकडं लावा, फेस यायचा थांबेपर्यंत. पुन्हा भरपूर पाणी, शेवटचं शक्य तितकं कढत, म्हणजे धातू आपला आपण पटकन वाळतो. बोअरचं पाणी खारं असेल तर शेवटच्या धुण्याला पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी वापरा. वाळलं की लगेच वायर ब्रश आणि त्याच दिवशी प्रायमर. व्हॉल्व्हच्या सीटवर, नोझलच्या भोकात ॲसिड उतरलं असेल तर हेड खोलून मिस्त्रीला दाखवा, नुसतं बाहेरून धुऊन भागणार नाही. आणि ती बाटली बंद खोलीत इंजनाजवळ ठेवू नका. तिच्या नुसत्या वाफेनं शेजारचे पानेसुद्धा गंजतात. माझ्या एका पोरानं असा अख्खा पान्यांचा सेट घालवला.

प्रश्न : आमचे आजोबा मोटेची चाकं आणि रहाट शेंदूर व जवसाच्या तेलानं रंगवायचे, ते कधी गंजले नाहीत असं वडील सांगतात. इंजनाला तोच प्रायमर केला तर?
– एक वाचक, तुळजापूर तालुका

उत्तर : वडील खरं सांगतात. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, आणि तो जवसाच्या तेलात मिसळला की शिशाचा एक साबणासारखा पदार्थ तयार होतो, तो लोखंडाला गंजू देत नाही. जगभरचे पूल आणि जहाजं एके काळी याच लाल रंगाखाली टिकली. मारुतीला आपण जे लावत आलो तेच इंजिनियर लोक पुलाला लावत होते.

पण शिसं विष आहे, लहान मुलांना जास्त. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं असा आपल्याकडं नोव्हेंबर २०१७ पासून नियम आहे. तुम्ही घोटताना ते हाताला लागेल, घासताना धूळ होऊन उडेल, आणि आखाड्यावर तर नातवंडं खेळतात. शिवाय आता बाजारात शेंदूर म्हणून जे मिळतं ते शिशाचं असेलच असं नाही, कधी नुसता रंग टाकलेली पावडर असते. म्हणजे त्रास उरेल आणि गुण जाईल. झिंक फॉस्फेटचा प्रायमर घ्या. उरलेलं जवसाचं तेल कुदळ-फावड्याच्या लाकडी दांड्यांना चोळा, तिथं त्याच्यासारखं काही नाही.

प्रश्न : वडिलांची जुनी स्कूटर दुरुस्त करतोय. इंजिनवर पांढरी पावडर आलीय. कॉस्टिक सोड्यानं साफ करून काळा रंग मारू का?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : कॉस्टिक हातात असेल तर खाली ठेव बाळा. तुझं इंजिन ॲल्युमिनियमचं आहे, कॉस्टिक ते विरघळवतं आणि वर पेट घेणारा हायड्रोजन सोडतं. पांढरी पावडर हाच त्याचा गंज. साबणाचं पाणी, पितळी किंवा नायलॉनचा ब्रश, बारीक पेपर. रंग हवाच असेल तर ॲल्युमिनियमला धरणारा एच (etch) प्रायमर आणि वर उष्णता सोसणारा रंग, तोही एकच पातळ हात. हवेनं थंड होणाऱ्या इंजिनच्या बाहेरच्या पातळ पात्यांमध्ये रंग साचला की इंजिन तापतं. मी असतो तर नुसतं साफ करून तसंच ठेवलं असतं.

प्रश्न : शेजारच्या गावात एक जुनं डिझेल इंजन विकाऊ आहे. मालक म्हणतो, नुकतंच पूर्ण काम करून रंगवलंय. खरंच नव्यासारखं चमकतंय. भावही बरा सांगतोय. घ्यावं का?
– एक शेतकरी, भोकरदन तालुका

उत्तर : विकायच्या आधी दिलेला रंग माझ्या मनात संशय आणतो. कुणाला खोटं ठरवत नाही, पण मी काय बघतो ते सांगतो.

आधी नटबोल्ट. काम करून मग रंग दिला असेल तर पॅकिंगच्या कडा स्वच्छ, नवी असतात आणि नटांच्या कोपऱ्यांवर पान्याच्या ताज्या खुणा असतात. हेडचे नट, पॅकिंगची कड आणि ब्लॉक एकाच सलग रंगाच्या कातडीखाली गेले असतील तर इंजन खोललेलंच नाही. नंबरची पट्टी रंगानं भरली असेल तर नंबर कागदाशी जुळवून बघेपर्यंत विसार देऊ नका.

मग खिशातून नाणं काढा आणि खालच्या बाजूला, जिथं कुणी वाकून बघत नाही तिथं, मालकाला विचारून जरा खरवडा. रंग पावडर होऊन निघाला आणि खाली तांबडा प्रायमर दिसला तर काम बरं आहे. पट्टी होऊन सोलला तर ते माझं २०१६ चं काम समजा. ब्लॉकच्या बाजूला, पाण्याच्या जॅकेटवर, बोटानं चाचपा. तिथं लांबी (पुट्टी) भरून घासलेला गुळगुळीत डाग लागला तर खाली चीर असू शकते. हातोडीच्या दांड्यानं हळूच ठोका, लांबी बद्द वाजते, बीड खणखणीत.

शेवटी चालवून बघा, पण आपण पोहोचायच्या आधी त्यानं चालू करून ठेवलेलं नको. थंड इंजन आपल्यासमोर चालू करायला लावा आणि तासभर भारावर चालवा. रंगाखाली गळती असेल तर तेवढ्यात जॅकेटच्या कडेनं ओलं दिसेल, आणि रंग डिझेलवर मारलेला असेल तर हेडच्या भोवती बुडबुडे येतील. मालक म्हणाला, रंग अजून ओला आहे, आज चालवू नका, तर म्हणावं बरं, आठ दिवसांनी येतो. आणि खरंच आठ दिवसांनी, न सांगता जा.